पेशंटसोबत कोण?

भिवापूर

मी जन्मापासून आंधळी आहे. उजेड आहे की अंधार एवढं कळतं, त्यापुढे काही नाही. त्यामुळे मी कुठेही निघाले की माझ्यासोबत आणखी एक माणूस निघायचं, आणि आमच्या घरात दुसरं माणूस एकच होतं, माझी आई. बाबा मी लहान असतानाच गेले.

आई मिरचीच्या सातऱ्यावर जायची. सातरा म्हणजे मिरचीचे ढीग टाकलेलं मोठं आवार. तिथे बाया दिवसभर बसून देठ तोडतात आणि फटकी, म्हणजे पांढरी पडलेली मिरची, निवडून वेगळी करतात. घरी आल्यावर आई हाताला कितीही तेल चोळो, वेणी घालताना तिचं बोट कानाला लागलं की माझा कान जळायचा. मला कॉलेजात पोचवायला ती अर्धं काम टाकून यायची, पोचवून परत जायची आणि सुटायच्या वेळी पुन्हा दारात उभी. सातऱ्यावरच्या बाया तिला म्हणायच्या, कॉलेज पोट्टी शिकून राहिली का तूच शिकून राहिली? आई म्हणायची, दोघी. अशी ती चालली तेव्हा मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

मग आईचे डोळे बिघडले. लाल ढिगातली फटकी तिला दिसेना. मुकादम दोनदा बोलला, तिसऱ्यांदा म्हणाला, बाई, आता तू घरीच बस. त्यानंतर माझ्या शिकवण्यांवर आम्ही दोघी भागवत होतो, म्हणजे भागत नव्हतं. गावात तपासणीचं शिबिर लागलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजवा चांगलाच पिकला आहे, जास्त दिवस ठेवला तर हातचा जाईल. नागपूरच्या एका दवाखान्याची चिठ्ठी दिली. ऑपरेशन फुकट. अट एकच, सोबत माणूस पाहिजे.

बापूमामा, आईचा भाऊ, म्हणाला कापूस निघू दे. कापूस निघाला तर म्हणाला होळी होऊ दे. होळी झाल्यावर मी म्हटलं, मामा, राहू दे, मी नेते.

मामा इतका हसला की त्याला ठसका लागला. "आंधळी आंधळीले नेऊन राहिली. नागपूरले पोचसान का नालीत?"

 आईने लुगडी पिशवीत भरायला घेतली.

इथे माझ्या फोनबद्दल सांगायला पाहिजे. कॉलेजातल्या एका मैत्रिणीने मला एक सेवा लावून दिली होती. फोन पाकिटात घालून गळ्यात अडकवायचा, कॅमेरा बाहेरच्या बाजूला. एका कानात इअरफोन. फोन लावला की कुठल्यातरी गावात आपल्या घरी बसलेली बाई माझ्या कॅमेऱ्यातून पाहते आणि समोर काय आहे ते कानात सांगते. पुष्कळ लोकांना वाटतं ते मशीन असतं. मशीन नाही, माणूस आहे, ते खोकतं, पाणी पितं. मराठी बोलणाऱ्या बाया तिथे मोजक्याच, म्हणून मला बहुतेक वेळा मुग्धाच मिळायची. ती मूळची चिपळूणची, पुण्यात राहते. नागपूर तिने कधी पाहिलेलं नव्हतं. मीही नाही. जिने पाहिलं होतं, लग्नाआधी एकदा, त्या आईला आता दिसत नव्हतं.

महाल

आम्ही उतरलो महालात, नागपूरच्या जुन्या वस्तीत, शोभामावशीकडे. मावशी आईची सातऱ्यावरची जुनी मैत्रीण. एका टेलरच्या दुकानामागे खोली करून राहते आणि एका खानावळीत स्वयंपाकाला जाते. भल्या पहाटे निघते, दुपार कलल्यावर येते, म्हणून तिची सोबत मिळणार नव्हती. ते तिने आधीच सांगितलं होतं.

भिवापुरात मला रस्ता नाकाने कळतो. मिरची, गिरणी, मग रॉकेलचा वास म्हणजे घर आलं. महालात सगळे वास एकावर एक पडतात. उदबत्ती, तळण, नवं कापड, आणि मधूनच स्कूटरचा धूर. गल्ली इतकी अरुंद की दोन्हीकडच्या दुकानदारांचं एकमेकांशी चाललेलं बोलणं आमच्या डोक्यावरून जात होतं. मुग्धा सांगत होती: डावीकडे बांगड्यांचं दुकान, एक माणूस शिडीवर, गाय बसली आहे, गाय उठत नाहीये, उजवीकडून जागा आहे. आई माझ्या कोपराला धरून चालत होती आणि दर थोड्या वेळाने पदर सारखा करत होती. मी विचारलं काय चाललंय. म्हणाली, ते बाई पाहून राहिली ना. तिला समजावलं की कॅमेरा पुढे आहे, तू मागे आहेस. तरी पदर चालूच.

एक गोष्ट मात्र आईला अजिबात पटली नाही. मोठा रस्ता आला की मुग्धा गप्प होते. तो त्यांच्या कामाचा नियम आहे. रस्ता कुठे आहे, गाड्या कुठून येतात हे आधी सांगायचं, पण "आता चला" हे कधीच म्हणायचं नाही. ओलांडताना बोलायचं नाही, कारण तेव्हा आमचे कान मोकळे पाहिजेत. चौकात आम्ही उभ्या राहिलो आणि कानातला आवाज थांबला.

"गप्प काहून झाली वं ते?" आईने विचारलं.

"मले ऐकू द्यायले."

"मंग आता कोन सांगन?"

मी म्हटलं, मी. बस गेली, तिच्यामागे ऑटो गेला, मग एक पोकळी आली, आणि मी आईला घेऊन निघाले. पलीकडे पोचल्यावर मुग्धा म्हणाली, पोचलात. आई म्हणाली, हे तं आपल्याले बी माहीत आहे.

रात्री मावशीने गोळाभात केला होता. डाळीचे गोळे भातावर फोडून वरून कडकडीत तेल. दुसऱ्या सकाळी दवाखान्यात जाण्याआधी गल्लीच्या तोंडाशी तर्री पोहे घेतले. मी गंमत म्हणून मुग्धाला बशी दाखवली. ती म्हणाली, पोहे कुठे आहेत, मला नुसतं लाल तेल दिसतंय. तिच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं घालतात म्हणे, आणि कधी दूध-गूळ. आईला हे ऐकून फार वाईट वाटलं. सकाळी सकाळी गोड पोहे खाऊन माणूस कामाला कसं जातं, असं ती बराच वेळ म्हणत होती.

दवाखाना

खिडकीवरच्या बाईंनी चिठ्ठी घेतली आणि वर न पाहता विचारलं, "पेशंटसोबत कोण?"

"मी."

मग त्यांनी वर पाहिलं असावं. थोडं थांबून म्हणाल्या, "आणि तुमच्यासोबत?"

"पेशंट."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांचंही चुकत नव्हतं. ऑपरेशननंतर औषधाच्या दोन बाटल्या असतात, एक दिवसातून जास्त वेळा, दुसरी कमी वेळा. सोबतच्या माणसाने त्यांवरची नावं वाचायची, औषध वेळेवर डोळ्यात टाकायचं, पेशंटला पडू द्यायचं नाही. माझ्याकडून यातलं काय होणार? त्यांनी आम्हाला बाजूला बसवलं आणि वॉर्डातल्या सिस्टरला बोलावलं. मी बाकावर बसून विचार करत होते, इथून परत गेलो तर मामा काय म्हणेल. मामाचं सोडा, उजवा डोळा परत तेवढे दिवस थांबणार नव्हता.

सिस्टर आल्या. आवाजावरून वयस्क, पायात घासत चालणारी चप्पल. त्यांनी विचारलं, बाई, तू काय करते? मी म्हटलं, बी.ए. आहे, शिकवण्या घेते. त्या म्हणाल्या ते नाही विचारलं, औषध कसं टाकशील. मी फोन लावला, आवाज मोठा केला. सिस्टरांनी दोन रिकाम्या बाटल्या माझ्या हातात दिल्या. मुग्धाने दोन्हींवरची नावं आणि तारखा वाचल्या, कुठली किती वेळा ते सिस्टरांनी सांगितलं. एकीला मी केसांचं रबर गुंडाळलं, दुसरी तशीच ठेवली. सिस्टरांनी बाटल्या काढून घेतल्या, अदलाबदल केल्या, परत दिल्या. मी बोटाने चाचपून सांगितलं, ही जास्त वेळाची, ही कमी. मग आईला मान मागे टाकायला लावून, खालची पापणी ओढून, पाण्याचा थेंब बरोबर आत टाकून दाखवला. हे काम तसंही डोळ्याने करायचं नाही, बोटाने करायचं आहे.

सिस्टर खिडकीकडे वळून म्हणाल्या, "लिहा, सोबत मुलगी." आणि मला म्हणाल्या, "डोळसांना पण इतकं जमत नाही, पापणी सोडून गालावर टाकतात."

आईला आत नेलं. तेवढा वेळ कसा गेला ते लिहिण्यासारखं नाही. बाहेर आणली तेव्हा ती शुद्धीत होती, उजव्या डोळ्यावर पट्टी. डॉक्टर म्हणाले, सकाळी पट्टी उघडायला या. तोवर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, धक्का लागू द्यायचा नाही. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं आणि आईला तीनदा.

परत गल्लीत

ऑटोवाल्याने आम्हाला गल्लीच्या तोंडाशीच सोडलं. आत खोदकाम आहे, ऑटो जात नाही म्हणाला. संध्याकाळचा बाजार भरलेला. पांढरी काठी मी सुरुवातीला उघडली, पण ती लागोपाठ लोकांच्या पायात आणि एकदा स्कूटरच्या चाकात अडकली, तेव्हा घडी करून पिशवीत टाकली. उजव्या हाताला आई. आता तिच्या एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्यात जुनाच धूर, म्हणजे दोघी सारख्याच. पाहणारी एकटी मुग्धा.

मी विचारलं, गर्दी फार आहे का? ती म्हणाली, आहे, हळू चला, उजवीकडे गाड्या लावल्यात. थोडं थांबली. मग म्हणाली, "हां, आता पुढे जरा खाली आहे."

ज्यांना आमची बोली माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे खाली म्हणजे रिकामं. खाली डबा, खाली गाडी, खाली खोली. जमिनीच्या दिशेला जे असतं ते खाल्तं. मी ऐकलं, पुढे जरा रिकामं आहे. बरं वाटलं. आईला म्हटलं, चल माय, रस्ता खाली झाला, आणि लांब पाऊल टाकलं.

डावा पाय गुडघ्यापर्यंत नालीत गेला. झाकण काढून ठेवलेलं होतं. मी एका कुशीवर पडले, फोन पाकिटासकट उलटा झाला. आईचा हात माझ्या हातातून सुटला, आणि ती पडली नाही, हे मला कळलं, कारण पुढच्याच क्षणी तिने माझ्या दोन्ही काखांत हात घालून मला वर ओढलं. वाकून. सगळ्या ताकदीने.

"वाकू नको," मी ओरडले. तोवर मी बाहेर आले होते.

आजूबाजूची माणसं धावली. कुणी पाणी आणलं, कुणी खोदणाऱ्यांना शिव्या घातल्या.  आई हळूच म्हणाली, डोळ्यात टोचून राहिलं.

मला पायाचं काही कळलंच नाही. मला एवढंच दिसत होतं, आता दिसत होतं हाच शब्द लिहिते, की आईचा डोळा गेला, आणि तो मी आणल्यामुळे गेला.

कानात मुग्धा बोलत होती, "ताई, मला फक्त आकाश आणि एक वायर दिसतेय. कुणीतरी बोला. काय झालं?"

मी फोन सरळ केला आणि तिच्यावर चिडले. म्हटलं, तू खाली आहे म्हणालीस.

"हो ताई, खालीच होतं. खड्डा होता म्हणूनच सांगितलं."

"खाली म्हणजे रिकामं ना?"

 "खाली म्हणजे... खाली," ती म्हणाली. "उतरतं."

बाजूला उभ्या असलेल्या आईला अर्धंच ऐकू आलं, पण तिला बरोबर कळलं. माझ्या गळ्यातल्या फोनकडे तोंड करून ती म्हणाली, "त्याले खाल्तं म्हणतेत, बाई."

दोघींचीही मराठीच. तिने चिपळूणची बोलली, मी भिवापूरची ऐकली.

मग मुग्धा म्हणाली, आईंना माझ्यासमोर उभं करा, उजेडाकडे तोंड. तिने पट्टी पाहिली. म्हणाली, मी डॉक्टर नाही, बरं आहे की नाही हे मी सांगणार नाही, जे दिसतं तेवढंच सांगते. पट्टी जागेवर आहे. वरच्या कोपऱ्याची चिकटपट्टी सुटली आहे. रक्त नाही, ओल नाही. त्या क्षणी मला तिच्याकडून खोटं का होईना, पण सगळं ठीक आहे असं ऐकायचं होतं. ती म्हणाली नाही. दवाखान्याच्या कागदावरचा नंबर मात्र तिने आकडा-आकडा वाचून दिला.

फोन सिस्टरांनीच उचलला. उलटी झाली का, नाही. जोरात दुखतं का, आईने सांगितलं, आता थांबलं. मग निजवून ठेव, उताणी, सकाळी पहिल्या नंबराला आण. आणि बाई, तू कशी आहेस? हे विचारणाऱ्या दिवसभरात त्या पहिल्या.

घरी मावशीने माझा पाय धुतला, हळद लावली. मी आईला बोललेच. म्हटलं, डॉक्टरनं तुले तीनदा सांगितलं होतं, वाकू नको.

आई उताणी पडल्या पडल्या म्हणाली, "तू नालीत, अन् मी सरळ उभी राहू?"



पट्टी

सकाळी मावशी कामाला निघून गेली होती. आम्ही आपापल्या हाताने तयार झालो, चहासुद्धा घेतला नाही. गल्लीतून निघताना मुग्धाने आधीच सांगितलं, कालपासून माझ्याकडे "खाली" हा शब्द बंद. रिकामं असेल तर मोकळं म्हणेन, उतार असेल तर तुमचा शब्द. आणि पहिल्याच पायरीला ती "पुढे खाल्तं आहे" असं इतकं जपून, चिपळूणच्या नाकातून म्हणाली की आईला हसू आलं. मी म्हटलं हसू नको, धक्का लागेल. त्याने ती आणखी हसली. मी मात्र काठी काढली होती आणि शेवटपर्यंत घडी केली नाही.

दवाखान्यात आमचा पहिला नंबर. मला आईच्या खुर्चीशेजारी उभं राहू दिलं. चिकटपट्टी निघताना होणारा आवाज ऐकला, मग डॉक्टरांच्या बॅटरीचं बटण. ते वाकून पाहत होते, कारण त्यांचा श्वास आईच्या बाजूने येत होता.  मी माझ्या काठीची मूठ इतकी घट्ट धरली होती की नंतर बोटं उलगडायला वेळ लागला.

डॉक्टर म्हणाले, "किती बोटं?"

"तीन," आई म्हणाली. "अन् आंगठी आहे."

"बसवलेलं भिंग जागेवर आहे. छान. काल कुठे पडल्याबिडल्या नाहीत ना?"

"मी नाही पडली," आई म्हणाली, आणि ते खरंच होतं. "पडली ते हे."

मग सगळं सांगावं लागलं. डॉक्टर आम्हा दोघींना रागावले, रागावताना पुन्हा एकदा बॅटरी लावून पाहिलं, आणि म्हणाले, नशीब, काही झालेलं नाही. सिस्टर मागून म्हणाल्या, नशीब नाही सर, आई मजबूत आहे.

मी आईला विचारलं, माय, दिसते का? मला वाटलं ती रडेल, किंवा मी तरी रडेन. आई माझ्याकडे वळली. 

"सुजा," ती म्हणाली, "कुडता उलटा घालून आली वं तू. शिलाई बाहेर आहे."

महालापासून दवाखान्यापर्यंत मी तशीच आले होते. मुग्धाला माझा कुडता दिसणं शक्य नव्हतं, कॅमेरा माझ्या छातीवरून पुढे पाहतो. डॉक्टर हसले, सिस्टर मला बाथरूमपर्यंत सोडायला आल्या. तिथे कुडता सरळ केला आणि नळाखाली तोंड धुतलं. मग बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की भूक लागली.

बाहेर येऊन मुग्धाला फोन लावला. आईने माझ्या गळ्यातून पाकीट काढून घेतलं, फोन तोंडासमोर धरला आणि म्हणाली, "बाई, मले दिसते." पलीकडून आवाज आला नाही. रस्ता ओलांडायचा नव्हता, तरी ती गप्प होती. मग नाक ओढल्यासारखं झालं आणि ती म्हणाली, आई, पहिल्यांदाच दिसताय तुम्ही मला इतक्या जवळून. आईने पदर सारखा केला.

त्या दिवशी आम्ही एका हॉटेलात पाटोडीचा रस्सा खाल्ला. आईला तिखट चालेल का हे विचारायला विसरलो, पण खाल्ला. येताना एसटीत आईला खिडकी दिली आणि मुग्धाला सुट्टी. उमरेडपर्यंत आई मला बाहेरचं सांगत होती. मुग्धा फक्त दिसतं ते सांगते. आईचं तसं नाही. हिरवं शेत आहे, पण आळशी माणसाचं आहे, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गवत पाह्य किती. एक बाई रस्त्यात भांडून राहिली, तिचंच बरोबर असन. मी बराच वेळ ऐकत राहिले, मग झोप लागली.

सांगितलेले दिवस आईने घरी काढले. दोन्ही बाटल्यांतलं औषध मी टाकलं, एकही वेळ चुकवली नाही. मामा येऊन आईसमोर बसला, तिने त्याच्या मिशीतले पांढरे केस मोजायला घेतले, तेव्हा त्याने विषय बदलला.

आई आता पुन्हा सातऱ्यावर जाते. तिच्या ढिगात फटकी राहत नाही, मुकादम स्वतः सांगतो. मी माझ्या आईला नागपूरला नेलं, तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करवून घरी आणलं. भिवापूरहून आम्ही दोघीच गेलो होतो.